राजगडावरच्या आऊसाहेब



दर वर्षी १२ जानेवारीला गावोगावी जिजाऊसाहेबांच्या तसबिरीला हार घातला जातो. शाळेतल्या पोरी नऊवारी नेसून, कपाळी चंद्रकोर रेखून भाषणे करतात. हे सगळे योग्यच आहे. पण त्या भाषणांतून जे चित्र उभे राहते त्यात आऊसाहेब बहुधा एकच काम करताना दिसतात. बाळ शिवबाला मांडीवर घेऊन रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगताना. गोष्टी संपल्या, पोरगा हाती तलवार घेण्याएवढा झाला, की भाषणही संपते आणि टाळ्या पडतात.

आता जरा हिशेब घालून पाहा. शिवरायांचा जन्म १६३० चा. आऊसाहेबांनी देह ठेवला १६७४ साली. म्हणजे मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावरही त्या जवळजवळ अठ्ठावीस वर्षे जगल्या. ही वर्षे त्यांनी काय केले? आम्हांला या लेखात त्या वर्षांबद्दल बोलायचे आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. त्यांतला मोठा काळ आपल्या मुलखात गेला. ज्या राजगडाकडे पाठ करून आपण उसाला पाणी देतो, त्या राजगडावर गेला.

शिपाईगड्याचा संसार

आऊसाहेबांचे माहेर सिंदखेडचे, लखुजी जाधवरावांचे. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते. सासर वेरूळच्या भोसल्यांचे. मालोजीराजांचे थोरले चिरंजीव शहाजीराजे हे त्यांचे यजमान. दोन्ही घरांत तलवार हेच उत्पन्नाचे साधन. आजच्या भाषेत सांगायचे तर बाप फौजेत, भाऊ फौजेत, सासरा फौजेत आणि नवराही फौजेत.

फौजेतल्या माणसाचे घर कसे असते हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. चाकरी तिथे बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड नेता येत नसेल तिथे ताटातूट. शहाजीराजांनी निजामशाहीची चाकरी केली, आदिलशाहीची केली, मध्ये थोडे दिवस मोगलांकडेही होते. दरबार बदलला की दुष्मन बदलत होता. कधी कधी तर माहेर आणि सासर समोरासमोर उभे राहत होते.

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात निजामशहाने दगा केला. लखुजी जाधवराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू यांची तिथेच कत्तल झाली. शिवराय तेव्हा पोटात होते. म्हणजे एकाच दिवशी बाप, दोन भाऊ आणि भाचा गेल्याची बातमी या बाईने भरल्या पोटी ऐकली. पुढे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, आणि लागलीच १६३० ते १६३२ चा तो भयंकर दुष्काळ आला. माणसे परागंदा झाली, गुरे चाऱ्यावाचून मेली. पुणे तर त्याच सुमारास आदिलशाही फौजेने जाळून बेचिराख केले होते.

परमानंदाच्या ‘शिवभारता’त असे सांगितले आहे की आऊसाहेबांना सहा मुलगे झाले, त्यांतले दोनच वाढले. थोरले संभाजीराजे आणि धाकटे शिवाजीराजे. थोरले बापाबरोबर कर्नाटकात राहिले, धाकटे आईजवळ. संसाराची अशी वाटणी झाली.

ओसाड मुलखाला नांगर

१६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि पुढे त्यांचा मुक्काम बंगळूरला पडला. तिकडे त्यांचा दुसरा संसार होता. त्या संसारात व्यंकोजीराजे वाढत होते. आऊसाहेब बाळराजांना घेऊन काही काळ बंगळूरला जाऊन आल्या आणि १६४२ च्या सुमारास पुण्याच्या जहागिरीत परतल्या. तेव्हापासून शहाजीराजांच्या निधनापर्यंत बावीस वर्षे होतात. इतकी वर्षे नवरा-बायको शेकडो कोसांच्या अंतरावर राहिली.

जहागीर म्हणजे काही सोन्याची खाण नव्हती. ओसाड गावे, पडीक राने, लांडग्यांचा उपद्रव. पुण्यात सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवल्याची कथा आपण सर्व जण ऐकत आलो. ती कथा सोन्यासाठी सांगितली जाते, पण आम्हां शेतकऱ्यांनी त्यातला नांगर पाहावा. उजाड झालेले गाव परत वसवायचे तर पहिल्याने रयतेच्या मनातली भीती मोडावी लागते. इथे पीक उभे राहील आणि ते आपल्या घरी येईल, एवढा भरवसा तिला द्यावा लागतो.

दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली खेडबाऱ्याला वाडा बांधला, शिवापूर पेठ वसवली, आमराई लावली. पुणे-सातारा रस्त्याने जाताना आजही आपण खेड-शिवापूर म्हणतो ते हेच. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिली वर्षे सारा कमी आणि मग पायरी-पायरीने जास्त, अशी त्या काळची कौलाची रीत होती. पुढे स्वराज्यात रयतेला बैलजोडी, बी-बियाणे आणि पोटाला दाणा देऊन ते पैसे दोन-चार वर्षांत सवडीने उगवून घ्यायची पद्धत पडली. सभासदाच्या बखरीत ती लिहून ठेवली आहे. बेणे आणि खत उधारीवर घेऊन उसाच्या बिलातून फेडणाऱ्या आपल्या सभासदाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

याच काळातला रांझ्याचा निवाडा आपल्या भोर तालुक्यातला. रांझ्याचा मोकदम बाबाजी गुजर याने एका बाईशी बदअंमल केला. त्याला धरून आणून हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटीलकी त्याच्याच गोतातल्या दुसऱ्याकडे गेली. त्याबद्दलचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र शिवरायांच्या मुद्रेचे आहे. त्यांची मुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या पत्रांत त्याची गणना होते. तेव्हा राजांना सोळावे वर्षही पुरे व्हायचे होते. त्या काळी पाटील म्हणजे गावचा धनी. गरिबाच्या बायकोसाठी पाटलाला हात लावायचा नाही, ही जगाची रीत. ती रीत मोडायचे धैर्य पोराच्या अंगी आले ते काही आकाशातून पडले नाही. घरात आई होती, आणि बाईची अब्रू म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गड कुणाच्या जिवावर चालतो?

तोरणा हाती आला आणि समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. सुमारे पाव शतक तो स्वराज्याची राजधानी होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि वरती बालेकिल्ला. ज्यांनी आषाढात गुंजवणे किंवा पालीच्या बाजूने गड चढला आहे त्यांना ठाऊक आहे की वर काय वारा असतो आणि काय पाऊस असतो. समोरचा माणूस दिसत नाही. अशा जागी राजवाडा म्हणजे काही ऐषआराम नव्हे. दाणागोटा, मीठ, तेल, सरपण, जनावरांची वैरण, सगळे खालून वर चढवायचे आणि पावसाळ्याआधी कोठारात भरायचे.

स्वराज्याच्या फौजेचे वेळापत्रक आपण नीट पाहिले पाहिजे. पावसाळ्यात फौज छावणीला परत यायची आणि दसऱ्याला मुलूखगिरीला निघायची. आता आपल्या वेल्हे-भोरच्या भाताचे वेळापत्रक पाहा. भात कापणीला कधी येते? दसरा-दिवाळीलाच की! म्हणजे सीमोल्लंघन करून गडी बाहेर पडला तेव्हा खाचरातले भात पिवळे होऊन उभे होते. ते कुणी कापले? कुणी झोडले? सारा भरण्यापुरते बाजूला काढून उरलेले कणगीत कुणी भरले? बखरींत याचे उत्तर नाही. पण शेती करणाऱ्या माणसाला बखरीची गरजही नाही. घरात मागे राहिलेल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी ते केले. कान्होजी जेधे कारीचे, येसाजी कंक भुतोंड्याचे, बाजीप्रभू शिंदचे. ही नावे आपण अभिमानाने घेतो आणि घ्यावीतच. त्यांच्याबरोबर गेलेल्या शेकडो मावळ्यांच्या घरची चूल त्या वेळी कुणी पेटती ठेवली, तिचे नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

आऊसाहेब या सगळ्या घरांतल्या मोठ्या घरच्या बाई होत्या, एवढाच फरक. राजे मोहिमेवर असले की गडावर तक्रार घेऊन आलेला माणूस त्यांच्यापुढे उभा राहायचा. वतनाचे तंटे, इनामांचे प्रश्न यांबाबतची त्यांच्या नावची पत्रे अभ्यासकांना मिळाली आहेत. म्हणजे त्या केवळ राजमाता म्हणून देवघरात बसलेल्या नव्हत्या. त्या कारभार करत होत्या. त्यांचा शिक्का चालत होता.

दुःखाची रांग

लांब आयुष्य हे वरदान खरे, पण लांब आयुष्याच्या माणसाला पुष्कळांना पोचवावे लागते. १६५५ च्या सुमारास थोरले संभाजीराजे कर्नाटकात कनकगिरीच्या लढाईत पडले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राणीसाहेब राजगडावर वारल्या. अफझलखान चालून आला होता आणि राजे प्रतापगडाच्या तयारीत गुंतले होते. छोटे शंभूराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे. या लेकराला आईचे दूध पुरले नाही म्हणून आपल्या कापूरहोळच्या गाड्यांच्या घरातल्या धाराऊंनी त्याला पाजले. आईवेगळ्या नातवाचे पुढचे सगळे आऊसाहेबांनी पाहिले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या पुन्हा एकदा आई झाल्या असेच म्हणावे लागेल.

दुसऱ्याच वर्षी, १६६० मध्ये, राजे पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले आणि इकडे शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला. मुलगा तिकडे कोंडलेला, दुष्मन इकडे दारात. ‘शिवभारता’त असे वर्णन आहे की आऊसाहेब स्वतः पन्हाळ्याकडे निघायला सिद्ध झाल्या होत्या. तेवढ्यात सेनापती नेतोजी पालकर येऊन पोचले आणि ते काम त्यांनी आपल्या शिरावर घेतले. जुलैत राजे वेढ्यातून सुटले, पण घोडखिंडीत बाजीप्रभू आणि हिरडस मावळचे बांदलांचे मावळे कामी आले. राजगडावर एका आईचा जीव भांड्यात पडला तेव्हा आपल्याच खोऱ्यातल्या कितीतरी घरांत हंबरडा फुटला असेल. त्या घरांपुढे आपल्या सुखाचा उच्चार करतानाही आऊसाहेबांना जड गेले असेल असे आम्हांला वाटते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. बातमी राजगडावर आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे आऊसाहेब सती निघाल्या. सभासदाने लिहिले आहे की राजांनी आईला मिठी घालून, शपथ घालून थांबवले. माझा पराक्रम पाहायला आता दुसरे कोण आहे, असे काहीसे ते बोलले. आऊसाहेब थांबल्या. आम्हांला या थांबण्याचे मोल फार वाटते. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट. रीत सांगत होती की तुझे काम संपले. त्यांनी ठरवले की संपलेले नाही. पुढची दहा वर्षे पाहिली म्हणजे कळते की ते किती खरे होते.

आग्र्याची आठ-नऊ महिन्यांची वाट

६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी राजांनी आईची सुवर्णतुला केली. आणि त्याच उन्हाळ्यात मिर्झाराजा जयसिंग चालून आला. त्याच्या दाऊदखान कुरेशीच्या फौजेने रोहिडा आणि राजगड भागातली गावे जाळत नेली. ही गावे आपलीच. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले.

५ मार्च १६६६ रोजी राजे आग्र्याला निघाले. बरोबर नऊ वर्षांचे शंभूराजे. म्हणजे एकुलता उरलेला मुलगा आणि नातू, दोघेही औरंगजेबाच्या दारात. मागे राज्याचा भार आऊसाहेबांवर. मोरोपंत पेशवे, निळो सोनदेव मुजुमदार अशी मंडळी हाताशी होती, पण शेवटचा शब्द आईचा. तार नाही, फोन नाही. आग्र्याहून जासूद यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. आलेली बातमी खरी की हूल, हेही कळायचे नाही. १७ ऑगस्टला राजे आग्र्याहून निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर परतले. शंभूराजांना वाटेत मथुरेला ठेवून आल्यामुळे आजीला त्यांची वाट आणखी पाहावी लागली.

राजे परत आले तेव्हा राज्य जागच्या जागी होते. आम्हांला वाटते, आऊसाहेबांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा पराक्रम. यात तलवार नाही, म्हणून याचा पोवाडा नाही. पण आठ-नऊ महिने घरधनी नसताना एवढा पसारा जिथल्या तिथे ठेवणे, वसूल घेणे, गडकऱ्यांना पगार पोचवणे, फितुरीवर नजर ठेवणे, आणि पोटात गोळा असताना तोंडावर काही न दाखवणे, ही कामे किती अवघड असतात हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

मग १६७० चा फेब्रुवारी. ४ तारखेच्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. गडावरच्या गवती पागा पेटवून राजगडाला इशारत दिली आणि उजेडामागून मागाहून कळले की तानाजी पडले. त्यानंतर वीसच दिवसांनी, २४ तारखेला, राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. बहात्तर वर्षांच्या आजीने एका महिन्यात एक सुतक आणि एक सोयर पाहिले.

पुढे राजधानी रायगडला गेली. रायगडावरची थंड हवा म्हातारपणी सोसेना म्हणून पायथ्याला पाचाडात आऊसाहेबांसाठी वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. १७ जूनला पाचाडात आऊसाहेब गेल्या. अकरा दिवसांचे अंतर. शहात्तर वर्षे चाललेले काम पुरे झाले आणि मग त्या गेल्या, असे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगतात, ते काही खोटे नाही. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला आणि तिथून पाचाडला जाता येते. रायगडावर जाणारी पुष्कळ मंडळी पाचाडला न थांबता थेट वर जातात. त्यांनी तिथे क्षणभर थांबून समाधीवर डोके टेकवावे, एवढे आम्ही सांगू.

नोंद नसेल तर तोड नाही

आता आपल्याकडे या. शिवरायांच्या जन्मतिथीचा वाद मिटायला मदत झाली ती आपल्याच कारी गावच्या जेध्यांच्या घरी जपलेल्या शकावलीने. लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्धीला आणली. कुणीतरी तारीख-तिथी टिपून ठेवली, कुणीतरी ते कागद वाळवीपासून सांभाळले, म्हणून आज खरे काय ते आपल्याला कळते. ऊसवाल्या माणसाला नोंदीचे महत्त्व आणखी वेगळे सांगायला नको. नोंद केलेल्या उसाला तोड येते. नोंद नसलेला ऊस कितीही जोमदार असला तरी फडात उभा वाळतो.

आता आपल्या घरच्या बाईची नोंद कुठे आहे ते पाहा. आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातले गडी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर. कुणी मुंबईला गेले, कुणी पुण्याच्या कारखान्यांत, कुणी फौजेत. आज कुणी लडाखला आहे, कुणी राजस्थानच्या सीमेवर. फौजी वर्षातून सुट्टीवर येतो, तेवढ्यात बांध नीट करतो, पाइपलाइन पाहतो आणि परत जातो. बाकीचे महिने ऊस कोण सांभाळते? रात्रीची लाइट असली की बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने पोराला बरोबर घेऊन, दारे धरायला कोण जाते? बेण्याला डोळा कसा आहे, खताचा हप्ता कधी, तोडीची टोळी कधी येणार, मुकादमाला काय सांगायचे, चिठ्ठी कुणाकडून आणायची, हे सगळे कोण पाहते? सासऱ्याचा दवाखाना, पोरांची शाळा आणि वैरणीचा भारा हे वरचे काम. ते तर कुणी मोजतच नाही.

आणि कागद उघडा. सातबाऱ्यावर नवरा. भागाच्या दाखल्यावर सासरा, कित्येक ठिकाणी वारून वर्षे झालेला. ऊस नोंद दिराच्या नावाने. बिल जमा होते ते खाते पुरुषाचे. जमीन नावावर नाही म्हणून भाग नाही, भाग नाही म्हणून सभेत बसायचा हक्क नाही आणि मतही नाही. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा कायद्याने राखीव आहेत. पण ज्या भांड्यातून वाढायचे ते सभासद-पुस्तकच बायकांच्या नावांवाचून रिकामे असेल, तर दोन जागांनी काय होणार?

दैव फिरले तर खरी अडचण पुढे येते. नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर त्या बाईला दुःख करायलाही सवड मिळत नाही. ज्या शेतात ती वीस वर्षे राबली ते आपले आहे हे तिला कागदांनी सिद्ध करावे लागते. वारस नोंद, फेरफार, भावकीच्या सह्या. ज्याने सही द्यायची तोच कधी कधी बांधावर आडवा उभा असतो.

काय करता येईल?

हार घालणे सोपे आहे. त्याच्या जोडीने पुढील चार गोष्टी आपल्या सभासदांनी कराव्यात अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट. राज्य सरकारने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याने आपखुशीने अर्ज दिला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. आपल्या तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत चौकशी करा. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मान्य झाला आहे. पण नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव आपोआप लागत नाही. ते लावावे लागते.

दुसरी गोष्ट. आपल्या भागाला वारस म्हणून कुणाचे नाव दिले आहे ते एकदा कारखान्याच्या शेअर विभागात जाऊन पाहा. बरेचदा ते नाव बापाचे किंवा थोरल्या भावाचे असते आणि तो माणूस केव्हाच गेलेला असतो. मयत सभासदांचे भाग वारसांच्या नावे करून घ्या, आणि त्यात घरच्या बाईला विसरू नका.

तिसरी गोष्ट. जिथे जमीन बाईच्या नावावर आहे तिथे ऊस नोंदही तिच्याच नावे करा आणि बिल तिच्याच खात्यावर जाऊ द्या. आपल्या गटाच्या कर्मचाऱ्यांशीही तिलाच बोलू द्या. उसाची खडान्‌खडा माहिती तिलाच असते.

चौथी गोष्ट. वार्षिक सभेला येताना जी बाई सभासद आहे तिला घेऊन या. तिची सही घरी घेऊन कागद पुढे सरकवू नका. ती पुढे बसली, दोन प्रश्न विचारले, तर सभेचे काही बिघडत नाही. उलट चुलीजवळचा हिशेब फार पक्का असतो.

आमच्या काही जुन्या सभासदांच्या मनात काय येईल ते आम्ही जाणतो. बाईचे नाव लागले की जमीन माहेरी जाईल, अशी एक भीती गावांत बोलली जाते. त्यांना आम्ही एवढेच विचारतो. स्वराज्याची राजमुद्रा जवळ ठेवून आऊसाहेबांनी आग्र्याची ती वाट पाहिली. त्या काही राज्य घेऊन सिंदखेडला गेल्या नाहीत. उलट त्यांच्या हाती होते म्हणूनच ते राजांना परत मिळाले.

वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातही आपला राजगड आहे. आऊसाहेबांच्या आयुष्यातले शिवनेरी, राजगड आणि रायगड हे तिन्ही त्या यादीत आहेत. जगाने आपल्या गडाची नोंद घेतली याचा आपल्याला आनंद आहेच. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लावायचे ठरले आहे. सरकारने पोराच्या नावात आई लावली. आता शेताच्या नावात ती लावणे आपल्या हाती आहे.

आऊसाहेबांनी सती न जाता मागे राहून काम केले. आपल्या प्रत्येक घरात अशी एक मागे राहिलेली बाई आहे. तिचे काम ती गेल्यावर फुले वाहून आठवण्यापेक्षा ती असतानाच कागदावर आणू या. यंदाची ऊस नोंद करायला जाताना सातबाऱ्याबरोबर तिलाही घेऊन चला.